डबरा रस्त्याची धूळ आणि इंजिनाचा एअर फिल्टर : हवा मारावी की नवा घालावा?

कंपूची शिक्षिका

नमस्कार. मी ग्वाल्हेरला कंपू भागात राहते आणि गेली दोन वर्षे रोज झाशी रस्त्याने डबऱ्याच्या शाळेत शिकवायला जाते. जाऊन-येऊन ९० किलोमीटरांच्या आसपास पडतात. गाडी पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक आहे, काही वर्षांपूर्वी ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यातून घेतलेली, आणि तिचे आता ६१,००० किलोमीटर झाले आहेत. बिलौआच्या आसपास खडीचे क्रशर असल्यामुळे त्या पट्ट्यात डंपरांच्या मागे अडकले की समोरची काच पांढुरकी होते, आणि मे महिन्यात लू सुरू झाल्यावर संध्याकाळी आंधी उठली तर सगळा रस्ताच धुळीत बुडतो.

माझा प्रश्न इंजिनाच्या एअर फिल्टरविषयी आहे, एसीच्या फिल्टरविषयी नाही. मला दोन ठिकाणांहून अगदी उलट सल्ले मिळाले आहेत. जिथे गाडीचे सर्व्हिसिंग होते तिथे दर १०,००० किलोमीटरला फिल्टर बदलावाच लागतो असे सांगतात आणि बिलात तो लावतातही. घराजवळच्या मेकॅनिकचे म्हणणे असे की हा फुकटचा खर्च आहे. महिन्यातून एकदा पंक्चरच्या दुकानात हवा मारून घेतली की तोच फिल्टर कितीही वर्षे चालतो. मला त्यांचे पटले आणि गेले ११ महिने मी नेमाने तेच करत आले.

एप्रिलपासून गाडीचे ॲव्हरेज १८ वरून १६ वर आले आहे. फिल्टरमुळे तर नसेल ना, अशी शंका आल्याने गेल्या रविवारी मी पहिल्यांदा स्वतः बोनेट उघडून फिल्टरचा डबा उघडला. कागद राखेच्या रंगाचा झाला आहे, एका बाजूला जास्त काळपट आहे, पण कुठे फाटलेला दिसला नाही. डब्याच्या वरच्या झाकणात आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या जाड रबरी नळीत बोट फिरवले तेव्हा बोटाला टाल्कम पावडरीसारखी अगदी बारीक धूळ लागली.

तरी जाणकारांनी सांगावे की फिल्टर नेमका कधी बदलावा, हवा मारणे योग्य की अयोग्य, ॲव्हरेज कमी होण्याचा याच्याशी संबंध आहे का, आणि हे काम घरी करण्याजोगे आहे का.

मुरारची जुनी कार्यशाळा

ताई, मी बसगाड्यांच्या कार्यशाळेत ३१ वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. आपल्या पत्रातील सगळ्यांत महत्त्वाची ओळ बोटाला लागलेल्या धुळीची आहे. कागदाचा रंग, झालेले किलोमीटर, ॲव्हरेज हे सगळे नंतर पाहू. फिल्टरच्या अलीकडे, म्हणजे जिथून बाहेरची हवा येते त्या बाजूला, मूठभर माती निघाली तरी घाबरण्याचे कारण नसते, कारण ती अडवण्यासाठीच फिल्टर बसवलेला असतो. पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, चिमूटभर धूळ सापडली तर मात्र ती गाळणीतून सुटलेली धूळ आहे, आणि तिच्यापुढे आता इंजिनाखेरीज काही नाही. आपण जे पाहिले ते दुसऱ्या प्रकारचे आहे, म्हणून फिल्टर बदलायला सर्व्हिसिंगची वाट पाहू नका, याच आठवड्यात बदला.

इंजिन किती हवा ओढते याचा पुष्कळांना अंदाज नसतो. पेट्रोलच्या वजनाच्या सुमारे १४.७ पट हवा जळणासाठी लागते. एक लिटर पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास भरते, म्हणून त्याला ११ किलो हवा, म्हणजे आकारमानात ९,००० लिटरांहून अधिक हवा लागते. आपल्या ९० किलोमीटरांना पाच लिटर पेट्रोल धरले तर शाळेच्या दर दिवशी ४५,००० लिटर हवा त्या कागदातून जाते. उन्हाळ्यात कॉलनीत येणारे ५,००० लिटरांचे पाण्याचे टँकर डोळ्यांसमोर आणा, असे नऊ टँकर भरतील इतकी ती हवा आहे, आणि ती क्रशरच्या पट्ट्यातली आहे.

त्या धुळीत गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे कण असतात. क्वार्ट्झ हा इंजिनाच्या सिलिंडरच्या लोखंडापेक्षा कठीण असतो. मोठे कण तर जड असल्यामुळे डब्याच्या तळाशीच पडतात. खरा घात करतात ते डोळ्यांना एकेकटे न दिसणारे, केसाच्या जाडीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढे कण. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो त्यात हे कण शिरतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. नुकसान पहिल्या महिन्यात दिसत नाही. काही हजार किलोमीटरांनंतर ऑइल कमी होऊ लागते, सकाळी गाडी सुरू करताना सायलेंसरमधून निळसर धूर येतो, आणि तेव्हा फिल्टर बदलून काही परत मिळत नाही.

आता हवा मारण्याविषयी. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभर पाउंडांहून अधिक दाब असतो आणि नळी कागदाला जवळजवळ टेकवून हवा सोडली जाते. फिल्टरचा कागद हा वहीच्या कागदासारखा नसतो. तंतूंचे जाळे राळेने घट्ट करून त्याला घड्या घातलेल्या असतात, आणि तेवढ्या दाबाने ते तंतू जागचे हलतात व छिद्रे रुंदावतात. कागद वरून धडका दिसतो, पण बारीक कण त्यातून निसटू लागतात. आपण हे अकरा वेळा केले आहे.

शिवाय एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. अगदी कोरा फिल्टर पहिल्या दिवशी जितकी धूळ अडवतो त्याहून जास्त धूळ तो थोडा मळल्यावर अडवतो, कारण कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर स्वतःच आणखी बारीक गाळणी बनतो. गुऱ्हाळात रस गाळताना फडक्यावर चोथ्याचा थर बसला की खालचा रस अधिक स्वच्छ येतो, तसेच हे आहे. दर महिन्याला हवा मारून आपण तो थर उडवून देत होतात आणि फिल्टरला पुन्हा त्याच्या सर्वांत कमकुवत अवस्थेत आणत होतात. म्हणून मळका फिल्टर पाहून हात शिवशिवले तरी तो सारखा काढू नये. प्रत्येक वेळी डबा उघडताना वरची थोडी माती आतल्या स्वच्छ बाजूला पडण्याचा धोका असतो, आणि रबराची कडही थोडी थोडी दबत जाते.

काम घरी अवश्य करण्याजोगे आहे. पंधरा मिनिटे पुरतात, पण घाई करू नये.

इंजिन बंद आणि थंड असावे. डब्याला बहुधा चार पोलादी क्लिपा असतात, काही गाड्यांत स्क्रू असतात. उघडण्यापूर्वीच डब्याचा बाहेरचा भाग आणि सांधा ओलसर फडक्याने पुसून घ्या, नाहीतर झाकण उचलताच सांध्यावरची माती आत पडते. झाकणापाशी किंवा नळीवर वायरीचा सॉकेट लावलेला असेल तर तो ओढू नका. तिथे हवेचे माप किंवा तापमान सांगणारा सेन्सर असतो. जुना फिल्टर सरळ वर उचला, वाकडा करून झटकू नका. तो निघाला की नळीच्या तोंडावर स्वच्छ फडके ठेवा आणि मगच डब्याचा खालचा भाग पुसा. पुसण्यासाठी किंचित ओले, धागे न सुटणारे फडके घ्या. तिथे हवा मुळीच मारू नका, कारण उडालेली धूळ नेमकी नळीत जाते.

आता जुना फिल्टर उजेडात नेऊन त्याची रबराची कड नीट पाहा, कागद नंतर पाहिला तरी चालेल. झाकण घट्ट दाबले जात असेल तर त्या कडेवर डब्याच्या काठाची रेघ चारही बाजूंनी सलग उमटलेली असते. जिथे ती रेघ पुसट होते किंवा तुटते, आणि तिथून धुळीची निमुळती जीभ आतल्या बाजूला पसरलेली दिसते, तिथून हवा कागद टाळून जात होती असे निश्चित समजावे. मग कागदामागे टॉर्च धरा. सगळीकडे मंद, सारखा उजेड दिसला पाहिजे. सुईच्या टोकासारखा लख्ख ठिपका दिसला तर ते भोक आहे. मला आपल्या बाबतीत कडेचाच संशय जास्त आहे, तरी दोन्ही तपासा आणि इथे कळवा.

नवा फिल्टर बसवताना तो आधी बोटांनी चारही कोपऱ्यांत दाबून खाचेत बसवावा, मग झाकण. बहुतेक झाकणांना एका बाजूला बिजागरीसारखे दात असतात. ते आधी खाचेत अडकवून मग समोरच्या क्लिपा लावायच्या असतात. ते दात खाचेबाहेर राहिले तरीही क्लिपा लागतात आणि वरून सगळे ठीक दिसते. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त तक्रारी या एका चुकीच्या निघाल्या.

ठाटीपूर, वाहन अभियंता

वरील उत्तराला माझे पूर्ण अनुमोदन आहे. मी फक्त ॲव्हरेजच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण याविषयी फार जुनी समजूत अजून चालू आहे.

कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर तुंबला की इंजिनाला हवा कमी आणि त्या मानाने पेट्रोल जास्त मिळत असे, त्यामुळे काळा धूर यायचा आणि ॲव्हरेज खरोखर पडायचे. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात आत येणारी हवा सेन्सरने मोजली जाते आणि सायलेंसरमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रणावर सतत नजर ठेवतो. हवा कमी आली तर संगणक पेट्रोलही तितकेच कमी सोडतो. शिवाय पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर अर्धा दाबलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप स्वतःच हवेची वाट अडवून धरत असते; फिल्टरने थोडी अधिक अडवली तर चालकाचा पाय नकळत किंचित जास्त दाबला जातो आणि हिशेब जुळतो. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली फिल्टर मुद्दाम तुंबवून मोजमापे घेतली, तेव्हा अशा गाड्यांच्या इंधनखर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये : वेग घ्यायला लागणारा वेळ साधारण ६ ते ११ टक्क्यांनी वाढला. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत मात्र इंधनखर्चातही काही टक्क्यांचा फरक दिसला.

तेव्हा ताईंनी नवा फिल्टर अवश्य घालावा, पण त्याने १६ चे १८ होतील अशी अपेक्षा ठेवू नये. एप्रिलपासूनचा फरक असेल तर पहिला संशय एसीवर आणि दुसरा टायरमधल्या हवेवर घ्यावा. टायरची हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी मोजावी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. ब्रेक कुठे घासत नाही ना हेही पाहावे. ४० किलोमीटर गेल्यावर एखादे चाक इतरांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेले लागले तर तो ब्रेक अडकत आहे.

डिझेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे हवेची वाट अडवणारी तशी झडप मुख्य नसते आणि टर्बो हवा ओढून आत ढकलत असतो, त्यामुळे फिल्टर तुंबल्यास चढावर दम कमी पडणे आणि काळा धूर येणे ही लक्षणे लवकर दिसतात. टर्बोच्या पंख्याची पाती अतिशय वेगाने फिरतात आणि फिल्टरमधून सुटलेली धूळ सगळ्यांत आधी त्या पात्यांवर आदळते.

एक सूचना आणखी. कापडाचे, तेल लावलेले आणि धुऊन वापरता येणारे फिल्टर बाजारात पिकअप वाढवतात म्हणून विकले जातात. क्रशरच्या पट्ट्यातून रोज जाणाऱ्या गाडीला मी ते कधीही सुचवणार नाही. तेल जास्त झाले तर ते हवा मोजणाऱ्या तप्त तारेच्या सेन्सरवर बसते आणि माप चुकते. कमी झाले तर धूळ सुटते. कंपनीचा साधा कागदी फिल्टर आपल्या कामाला सर्वांत चांगला.

डबऱ्याची शेती

काकांच्या एका मुद्द्याला मी नम्रपणे मर्यादा घालू इच्छितो. हवा कधीच मारू नये हे कारला लागू आहे, पण आमच्या ट्रॅक्टरला ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. एप्रिलमध्ये गव्हाच्या मळणीला ट्रॅक्टर थ्रेशरवर उभा असतो तेव्हा तो दिवसभर भुसा आणि माती यांच्या ढगातच श्वास घेत असतो, आणि तिथे महिन्याचा हिशेब करून चालत नाही.

माझ्याकडे दोन ट्रॅक्टर आहेत. जुन्यात ऑइल बाथ आहे : हवा खालच्या वाटीतल्या ऑइलवर आपटते, जड माती तिथेच राहते आणि पुढची तारेच्या जाळीत अडकते. मळणीच्या दिवसांत मी ती वाटी रोज संध्याकाळी उघडून पाहतो. तळाशी बोटाच्या पेराएवढा चिखल साचला किंवा ऑइल कढीसारखे दाट झाले की ते टाकून नवे खुणेच्या रेघेपर्यंत भरतो. रेघेच्या वर भरू नये, कारण जास्तीचे ऑइल इंजिन ओढून घेते.

नव्यात कोरडा फिल्टर आहे आणि त्यात एकात एक असे दोन भाग आहेत. बाहेरचा मोठा भाग पुस्तिकेत दिलेल्या हलक्या दाबाने, आतून बाहेरच्या दिशेने, नळी बोटभर दूर धरून काही ठरावीक वेळाच साफ करायचा असतो. त्यानंतर तो बदलायचा. आतल्या लहान भागाला हवाही मारायची नाही आणि झटकायचेही नाही, तो फक्त बदलायचा, कारण बाहेरचा फाटला तर इंजिन वाचवण्यासाठी तोच एक शिल्लक राहतो. आमच्या गावात एकाने तो आतला भाग दम लागतो म्हणून काढूनच टाकला होता. पुढच्या हंगामात इंजिन खोलावे लागले आणि सिलिंडर उभे ओरखडे पडलेले निघाले.

डब्याच्या खाली रबराची एक चपटी चोच लोंबत असते, ती दाबली की साचलेली माती खाली पडते. ती चोच शाबूत असेल तर निम्मी धूळ कागदापर्यंत पोहोचतच नाही. पुष्कळ ट्रॅक्टरवर ती तुटलेली दिसते आणि मालकाला ती काय होती हेही ठाऊक नसते.

मुरारची जुनी कार्यशाळा

भाऊसाहेब, आपले म्हणणे रास्त आहे. ज्या फिल्टरच्या पुस्तिकेत साफ करण्याची रीत दिली आहे, दाबाचा आकडा दिला आहे आणि मागे दुसरा रक्षक फिल्टर आहे, तिथे त्या रीतीने साफ करणे बरोबरच आहे. कारच्या डब्यात मागे दुसरे काही नसते, म्हणून मी तितके ठामपणे लिहिले. पुस्तिकेत साफ करायला सांगितले असेल त्या गाडीतही हलक्या हाताने सपाट जागेवर टेकवून माती पाडावी, इतपतच माझी तयारी आहे.

लष्करची स्कूटर

याच विषयात एक छोटी शंका विचारते. माझ्या स्कूटरच्या फिल्टरचा कागद बोटाला चिकट लागतो. दौलतगंजमध्ये एकाने तो पेट्रोलने धुऊन वाळवून दिला आणि म्हणाला की आता वर्षभर पाहू नका. ते बरोबर होते का?

ठाटीपूर, वाहन अभियंता

ताई, नाही. तो चिकटपणा मळ नाही. कारखान्यातच त्या कागदाला एक खास तेल पाजलेले असते आणि बारीक धूळ त्यालाच चिकटते. पेट्रोलने ते धुऊन गेले, म्हणजे आता तो उघडा कागद राहिला आहे. असा चिकट फिल्टर धुवायचा नसतो, हवा मारायचा नसतो, पुस्तिकेतल्या किलोमीटरांना फक्त बदलायचा असतो. आपण आताच नवा घालून घ्यावा. धुता येतो तो फोमचा, म्हणजे स्पंजसारखा फिल्टर. त्यालाही धुऊन, पूर्ण वाळवून, पुस्तिकेत सांगितलेले तेल लावून आणि पिळून जास्तीचे काढूनच परत बसवतात.

कंपूची शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे शनिवारी सकाळी काम केले. सापडलेले सगळे सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

डब्याच्या तळाशी कडुलिंबाची वाळलेली पाने, दोन मेलेली फुलपाखरे आणि साधारण दोन चमचे माती होती. टॉर्च धरून पाहिले तर कागदात भोक दिसले नाही. मग रबराची कड पाहिली. तीन बाजूंनी डब्याच्या काठाची रेघ अगदी पट्टीने ओढल्यासारखी उमटली होती. बॅटरीकडच्या कोपऱ्यात मात्र ती चार बोटे लांब नाहीशी झाली होती, आणि तिथून आत जवळजवळ घडीच्या टोकापर्यंत फिकट तपकिरी धुळीची जीभ गेली होती, नेमकी जशी काकांनी वर्णन केली आहे तशी. त्या कोपऱ्यावरची क्लिप लागलेली दिसत होती, पण झाकणाचा एक दात खाचेच्या बाहेर होता. महिन्याच्या महिन्याला डबा उघडून बंद करताना तो कधीतरी चुकला असणार आणि तेव्हापासून तसाच राहिला असणार. हे पाहून मन फार अस्वस्थ झाले, कारण इंजिनाची काळजी घेतो आहोत या समाधानात मी ते करत होते.

नवा फिल्टर ३८० रुपयांना मिळाला. दुकानदाराने आधी दीडशेचा दाखवला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर स्वस्तातल्याच्या घड्या कमी होत्या, त्यांतल्या काही एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि रबराची कड नखाने दाबली तर परत फुगून येत नव्हती. त्यामुळे गाडीच्या कंपनीचाच घेतला आणि त्याच्या कडेवर मार्करने तारीख व किलोमीटर लिहून ठेवले. झाकणाचे दात आधी अडकवले, मग क्लिपा लावल्या आणि सांध्यावरून सगळीकडे बोट फिरवून पाहिले. नळी आतून ओल्या फडक्याने जिथवर हात पोहोचला तिथवर पुसली.

टायरची हवा सकाळी मोजली. ३३ हवी होती, चारही टायरांत २६-२७ निघाली. ती भरल्यानंतर टाकी ते टाकी मोजले तर १७ च्या थोडे वर ॲव्हरेज आले आहे, एसी चालू ठेवूनच. अभियंत्यांचे म्हणणे खरे ठरले. पिकअपमध्ये मला काही फरक जाणवला नाही.

दोन शंका उरल्या आहेत. जी धूळ आत गेली तिचे आता काय करावे? आणि पुढे डबा कधी उघडावा?

मुरारची जुनी कार्यशाळा

ताई, काम अगदी नीट झाले आहे.

आत गेलेल्या धुळीपैकी बरीच सायलेंसरवाटे निघून जाते, पण काही ऑइलमध्ये उतरते आणि तिथे फिरत राहते. म्हणून शेवटच्या ऑइल बदलाला कितीही कमी किलोमीटर झाले असले तरी इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही आताच बदलून घ्या. गाडी २०-२५ मिनिटे चालवून ऑइल गरम असताना ते काढायला सांगा, म्हणजे तळाशी बसलेलेही सोबत येते. थ्रॉटलची झडप आणि तिच्या आधीची नळी मेकॅनिककडून त्याच वेळी साफ करून घ्या, कारण तिथे आपला हात पोहोचला नसेल. त्यानंतर महिन्यातून दोनदा, सकाळी थंड इंजिनात, सपाट जागी गाडी उभी करून डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या ५,००० किलोमीटरांत पातळी फारशी उतरली नाही आणि सकाळचा निळा धूर दिसला नाही, तर रिंगा सुरक्षित आहेत असे मानायला हरकत नाही.

डबा उघडण्याविषयी. पुस्तिकांमध्ये दोन स्तंभ असतात, एक साध्या रस्त्यांचा आणि दुसरा धुळीच्या किंवा कठीण परिस्थितीचा. साध्या स्तंभात अनेक गाड्यांना ४०,००० किलोमीटरांचा आकडा दिलेला असतो आणि लोक तोच लक्षात ठेवतात. आपला रस्ता दुसऱ्या स्तंभातला आहे. पुस्तिकेत तिथे जो आकडा असेल तो पाळा. आकडा न देता गरजेनुसार एवढेच लिहिले असेल, तर आपल्या क्रशरच्या पट्ट्यासाठी मी १५,००० किलोमीटरांना बदला असे सांगेन. सर्व्हिसिंगवाले १०,००० म्हणतात तेही या रस्त्यासाठी चूक नाही, आपल्याला ते निष्कारण वाटले इतकेच. मध्ये एकदा, ७,००० च्या सुमारास, फक्त नळीचा क्लॅम्प सैल करून स्वच्छ बाजूला पांढरे फडके फिरवून पाहा आणि ते पांढरेच निघाले तर फिल्टरला हात न लावता क्लॅम्प परत आवळा.

पावसाळ्यात एखाद्या दिवशी साचलेल्या पाण्यातून गाडी काढावी लागली, तर मात्र किलोमीटर न पाहता त्याच संध्याकाळी डबा उघडा. ओला झालेला कागदी फिल्टर वाळवून परत वापरू नये, आणि डब्यात पाणी दिसले तर इंजिन सुरू न करता मेकॅनिकला घरी बोलवा.